वर्कशॉप बरंय, पण इन्शुरन्सच्या टेबलावरचं 'पीयूसी संपलीय, क्लेम विसरा' ऐकून घेऊ नका

५ पैकी २ स्टार. ते दोन बी डेंटिंगवाल्या मिस्त्रींचे, बाकीच्यांना शून्य. वर्कशॉपचं नाव लिहीत नाही, कोल्हापुरातलंच आहे, एसी वेटिंग रूम, फुकट कॉफी, सगळा थाट.

झालं असं की ऊस हंगाम चालू होता, राधानगरीकडनं घरी येत होतो, परितेच्या अलीकडं रात्री साडेनऊला पुढं उसाची डबल ट्रॉली, मागं ना लाल लाईट ना रेडियम, त्यात समोरच्यानं अप्पर मारलेला, ट्रॉली दिसली तेव्हा ब्रेक दाबण्यापुरतंच अंतर राहिलं होतं. बंपर, जाळी, डावा हेडलाईट, बॉनेट, फेंडर, रेडिएटर सगळं गेलं. कुणाला लागलं नाही हे नशीब. बायको शेजारी होती, तिनं पहिला प्रश्न काय विचारला तर इन्शुरन्स चालू हाय न्हवं? चालू होता, फुल पॉलिसी होती. पीयूसी, म्हणजे गाडीच्या धुराच्या तपासणीचं सर्टिफिकेट, मात्र १९ दिवसांपूर्वी संपलेली आणि ते मला माहीत बी नव्हतं, कारण आमच्या गाडीला वर्षातनं एकदाच काढायची असते, मग कोण लक्षात ठेवतंय.

दुसऱ्या दिवशी गाडी टो करून वर्कशॉपला. काउंटरवरच्या पोरानं मोबाईलवर नंबर टाकला, ओठ मुडपले आणि म्हणाला, "सर, पीयूसी एक्स्पायर दाखवतंय, कंपनी क्लेम पास करत नाही, तुम्ही कॅशमध्येच करून घ्या, लेबरमध्ये आपण दहा टक्के कमी करू." वर आवाज बारीक करून, "ओळखीचा पीयूसीवाला असंल तर मागची तारीख घालून मिळती का बघा." आता पीयूसी ऑनलाईन निघते, नंबर प्लेटचा फोटो आणि वेळ तिथंच पडते, मागची तारीख कुठनं आणायची? आणि आणली तरी अॅक्सिडेंटनंतर बनवलेला कागद क्लेमला जोडायचा म्हणजे चांगला चाललेला क्लेम आपल्याच हातानं बुडवायचा की.

मी गप्प बसलो खरा, पण पोटात गोळा आला होता. बाहेर येऊन शाहूपुरीतल्या आमच्या एजंट काकांना फोन लावला, बाबांच्या लुनापासनं आमच्या घरच्या सगळ्या गाड्यांचं तेच बघतात. काका हसले आणि म्हणाले, "त्याला सांग, हे लेटरहेडवर लिहून दे म्हणावं." आत जाऊन सांगितलं. पोरगं म्हणालं मॅनेजरला विचारतो. मॅनेजर आला, म्हणाला तसं काय लिहून देता येत नाही, बघूया सर, क्लेम टाकूया. दहा मिनिटांत सूर बदलला.

काकांनी मग जे सांगितलं ते इथं टाकतो, कारण ही अफवा लई फिरते. १० ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टानं प्रदूषणाच्या केसमध्ये सांगितलं होतं की पीयूसी नसेल तर इन्शुरन्स 'रिन्यू' करू नका. रिन्यू, क्लेम नव्हे. ऑगस्ट २०२० मध्ये आयआरडीएआयनं, म्हणजे इन्शुरन्स कंपन्यांवर जे लक्ष ठेवतात त्यांनी, त्याच आदेशाची कंपन्यांना परत आठवण करून दिली, आणि लगेच व्हॉट्सअॅपवर सुरू झालं की पीयूसी नाही तर क्लेम नाही. त्याच महिन्यात त्यांना खुलासा काढावा लागला की पीयूसी नाही एवढ्या कारणावर मोटार पॉलिसीचा कुठलाही क्लेम नाकारता येत नाही. पुढं जुलै २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं रिन्यूची अट पण काढली, कारण पीयूसीपायी लोक थर्ड पार्टी इन्शुरन्सच (आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याला भरपाई देणारा) काढेनात आणि अॅक्सिडेंटमध्ये मार खाल्लेल्या माणसाला भरपाई कुठनं मिळणार. याचा अर्थ पीयूसी काढायची नाही असा घेऊ नका, कायद्यात दंड १०,००० पर्यंत आहे, तो वेगळा भरावा लागेल. सव्वाशे रुपयांचं काम हाय, पंपाजवळच्या व्हॅनमध्ये सायलेन्सरला नळी लावतात, पाच मिनिटं.

कंपनीकडनं नुकसान तपासणारे सर्व्हेयर तिसऱ्या दिवशी आले. माणूस शांत, पन्नाशीचे असतील. चेसी नंबरचा फोटो, मीटरचा फोटो, मग खाली बसून चारी टायर अंगठ्यानं चाचपले, लायसन्सवरची तारीख दोनदा बघितली, ट्रॉली कुठं, मी कुठं, किती स्पीड, सगळं विचारलं. पीयूसीचं मीच काढलं, म्हटलं साहेब ती संपलेली होती. ते म्हणाले, "ती पोलिसांची बाब. तुमचं लायसन्स संपलं असतं तर मी इथं वेगळं बोललो असतो."

क्लेम पास झाला. बिल ५२,००० आणि कंपनीनं दिले ३४,१००. आता हे १७,९०० पीयूसीमुळं कापले असं कुणाला वाटेल म्हणून सांगतो. गाडीला पाचवं वर्ष चालू, झिरो डेप, म्हणजे घसारा न कापण्याचं जादा कव्हर, घेतलेलं नाही (चूक माझी, २ हजार वाचवायला गेलो), त्यामुळं प्लास्टिकच्या पार्टवर ५० टक्के घसारा, तिथं ९ हजार गेले, पत्र्याच्या आणि रेडिएटरच्या पार्टवर ३५ टक्के, ते ७ हजार, पेंटच्या मटेरियलचे ९०० आणि पॉलिसीप्रमाणं मालकानं स्वतः सोसायचे सक्तीचे १,०००. शिवाय माझा ४५ टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्यावर आला, हे पुढच्या हप्त्याला दिसेल. एवढं सगळं धरून पण क्लेमच परवडला. हा हिशोब त्या पोरानं आधी मांडला असता आणि मग कॅशचं बोलला असता तर मी त्याला ५ स्टार दिले असते.

तरी पण हेच सगळ्या कागदांना लावू नका. आमच्या दाजींचा छोटा हत्ती आहे, मार्केट यार्डातनं गुळाचं भाडं मारतात. माझं ऐकून ते खूश, "मग फिटनेस संपलं तरी चालतंय की!" फिटनेस म्हणजे गाडी रस्त्यावर चालवायला ठीक असल्याचं सर्टिफिकेट. नाही चालत दाजी. भाड्याच्या गाडीचं फिटनेस ८ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी करायचं असतं, आणि ते नसेल तर कायदा गाडीचं रजिस्ट्रेशनच वैध धरत नाही. स्वतःच्या गाडीच्या क्लेमला कंपनी तिथं हमखास अडते, थर्ड पार्टीत कोर्टानं कंपनीला 'आधी भर, मग मालकाकडनं वसूल कर' असं सांगितल्याची प्रकरणं आहेत, म्हणजे फिरून बिल दाजींच्याच दारात. घरच्या गाडीचं पण १५ वर्षांनी आरसी रिन्यू करताना आरटीओत इन्स्पेक्शन होतं, ते राहिलं असेल तर गाडी ठोकायच्या आधी करून घ्या. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं टेंपररी रजिस्ट्रेशन संपलेल्या गाडीचा क्लेम नाकारणं बरोबर ठरवलंय. तिथं काका पण काय करू शकत नाहीत.

आणि कुणी खरंच पीयूसीच्या कारणावर क्लेम नाकारला तर नकार लेखी घ्या, कंपनीच्या तक्रार विभागाला मेल करा, तिथं नाही झालं तर आयआरडीएआयचं तक्रारीचं बीमा भरोसा पोर्टल, आणि शेवटी पुण्याचा विमा लोकपाल आहे, फी नाही, वकील लागत नाही.

मिस्त्रींचं काम मात्र एक नंबर, पेंटचा शेड दिवसा उन्हात धरून बघितला तरी ओळखू येत नाही. फक्त बॉनेटच्या रबराची पट्टी तेव्हा नव्हती, आली की फोन करतो म्हणाले होते, त्याला सहा आठवडे झाले. कॉफी प्यायला या म्हणतात अजून.