सनदेनंतरची उमेदवारी: रत्नागिरी की मुंबई?

बार कौन्सिलची सनद मिळाली, तरी दावा प्रत्यक्ष कसा चालतो हे ज्येष्ठ वकिलाकडे उमेदवारी केल्यावाचून कळत नाही. रत्नागिरीच्या दिवाणी न्यायालयात वाटपाचे दावे, १९४८ च्या कुळकायद्यातून उद्भवलेले वाद आणि एकाच सातबाऱ्यावर दाटीवाटीने नोंदलेले सहहिस्सेदार लवकरच अंगवळणी पडतात. मयताचे वारस दाव्यात सामील करण्याचा अर्ज, मुंबईत स्थायिक झालेल्या चाकरमान्यांवर समन्सची बजावणी (हीच खरी डोकेदुखी) आणि पुढे उलटतपासणीही हाताखालून जाते. मुंबई उच्च न्यायालयातील चेंबरमध्ये मसुदालेखनाला व निवाड्यांच्या अभ्यासाला धार येते, परंतु मूळ शाखा (जिथे दावे थेट उच्च न्यायालयातच दाखल होतात) वगळता साक्षीपुरावा क्वचितच पाहायला मिळतो. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (मुख्य ठिकाणाबाहेर बसणारे पीठ) बसत असल्यामुळे आणि रत्नागिरीची उच्च न्यायालयातली कामेही तिथेच चालत असल्यामुळे, दिवाणी कामाची ओढ असणाऱ्याने आधी जिल्ह्यातच उमेदवारी करावी, असे मला वाटते.