फुटलेलं अपेंडिक्स: दुर्बिणीतून की पोट उघडून?

अपेंडिक्स फुटल्याचं निदान झालं की घरच्यांसमोर संमतीपत्र येतं आणि विचार करायला फार वेळ नसतो. दोन्ही पद्धतींत आतलं काम एकच आहे: अपेंडिक्स काढायचं, पोटात सांडलेला पू शोषून घ्यायचा. फरक पडतो तो आत शिरण्याच्या वाटेमुळे.

दुर्बिणीसाठी बहुधा तीन छिद्रं पाडतात. बेंबीजवळचं 10 मिलिमीटरच्या आसपास, बाकीची 5 मिलिमीटरची. कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात, त्यामुळे पूर्ण भूल लागते आणि नंतर एक-दोन दिवस खांदा दुखू शकतो. पोट उघडायचं तर उजवीकडे खाली तिरकी चीर घेतात. पू सगळीकडे पसरला असेल तर मधोमध उभी, मोठी चीर.

खरा मुद्दा जखमेचा. उघड्या शस्त्रक्रियेत तोच पू चिरेच्या कडांना आणि कातडीखालच्या चरबीला लागतो, म्हणून जखम पिकण्याचं प्रमाण जास्त. काही सर्जन तर अशा वेळी कातडी लगेच शिवतच नाहीत, रोज ड्रेसिंग करून काही दिवसांनी टाके घालतात. दुर्बिणीत अपेंडिक्स पिशवीत घालून बाहेर काढता येतं, जखमेला ते लागत नाही. रुग्ण स्थूल असेल तर हा फायदा फार मोठा ठरतो. दुखणं कमी, चालणं-फिरणं लवकर, पुढे जखमेच्या जागी हर्निया होण्याची भीतीही कमी.

दुर्बिणीवरचा जुना आक्षेप म्हणजे नंतर पोटात गळू होणं. आधीच्या अभ्यासांत ते प्रमाण जास्त दिसलं होतं. अलीकडे हा फरक बराच कमी झालेला दिसतो. ‘पोट उघडलं की आत नीट धुता येतं’ हा युक्तिवाद मला अपुरा वाटतो. लहान तिरक्या चिरेतून यकृताच्या वरची जागा दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसते. शिवाय भरपूर सलाईन ओतून धुण्यापेक्षा नुसतं नीट शोषून घेणं कमी पडत नाही, असंही आढळलं आहे.

तरीही रक्तदाब कोसळलेला असेल, आतडी खूप फुगली असतील, हृदय-फुप्फुसांना वायूचा दाब झेपणार नसेल किंवा आधीच्या शस्त्रक्रियांमुळे आतडी चिकटली असतील, तर पोट उघडणंच सुरक्षित असू शकतं. दुर्बिणीने सुरू करून मध्येच पोट उघडावं लागलं, तर त्याला अपयश समजू नका. त्याची संमती आधीच द्या.

रुग्ण स्थिर आणि सर्जनचा हात दुर्बिणीवर बसलेला असेल, तर मी दुर्बीणच निवडायला सांगेन. ‘फुटलेल्या अपेंडिक्सची शस्त्रक्रिया तुम्ही एरवी कशी करता?’ हे सर्जनना सरळ विचारा. पू एका जागी गळू होऊन बांधला गेला असेल, तर तातडीची शस्त्रक्रिया टाळून अँटिबायोटिक आणि गरज पडल्यास बाहेरून नळी घालून पू काढणं, हाही मार्ग आहे, त्याबद्दलही विचारा.

कुठलीही पद्धत असो, घरी आल्यावर पुन्हा ताप चढला, पोटदुखी वाढली किंवा थोडीथोडी, आव पडून शौचाला सारखी होऊ लागली, तर त्याच दिवशी दाखवा. ओटीपोटाच्या तळाशी साचलेला पू पुष्कळदा असाच कळतो.