माराकेशमध्ये कोणी फुकट पुदिना दिला तर घेऊ नका

मोरोक्कोला जाणाऱ्यांनी हे वाचाच, कारण आम्हालाही वाटलं होतं की आपण पुणे स्टेशनच्या रिक्षावाल्यांना पुरून उरलोय, आपल्याला कोण गंडवणार.

आम्ही चौघं होतो, मी, माझा रूममेट, त्याची कोल्हापूरची मावसबहीण आणि होस्टेलवर भेटलेला चिलीचा एक पोरगा. जेमा एल-फनाच्या चौकात एकदम सावध होतो, तिथे मेंदीवाल्या बायका न विचारता हात धरून मेंदी काढायला लागतात, माकडवाले खांद्यावर माकड बसवून फोटोचे पैसे मागतात, हे सगळं वाचून गेलो होतो. फसलो ते आत, जुन्या शहराच्या म्हणजे मदिनाच्या गल्ल्यांत.

बेन युसुफ मदरसा (जुनी इस्लामी पाठशाळा, आता बघायचं ठिकाण) शोधत होतो, मॅपवरचा निळा ठिपका भिंतींतून उड्या मारत होता. एक जण जाता जाता म्हणाला, 'इंडिया? शाहरुख खान! मदरसा बंद आहे, नमाज आहे. पण आज बर्बर (म्हणजे तिथले मूळ रहिवासी) लोकांचा चामड्याचा बाजार आहे, फक्त आजच, डोंगरातून आलेत.' एवढं बोलून तो निघून पण गेला, एक दिऱ्हम मागितला नाही! इथेच खरी मेख आहे. पुढच्या वळणावर दुसरा 'योगायोगाने' तिकडेच चाललेला भेटला आणि आम्ही त्याच्या मागे. (वार मंगळवार होता, नमाजासाठी दुपारभर बंद कसं हे एकालाही सुचू नये!)

त्याने बाब दब्बाघ या जुन्या वेशीजवळच्या टॅनरीत, म्हणजे चामडं कमावतात तिथे, नेऊन तिसऱ्याच्या ताब्यात दिलं. त्याने प्रत्येकाच्या हातात पुदिन्याची जुडी दिली, नाकाशी धरायला. वास खरंच भयंकर, चुन्याचे हौद, कातडं मऊ करायला कबुतराची विष्ठा, त्यात उघड्या पायांनी उतरलेली माणसं. बघण्यासारखं आहे, नाही म्हणत नाही. मग अर्थातच दुकान. आमची कोल्हापूरवाली बॅग हातात घेऊन मराठीत म्हणाली, 'अरे हे नीट कमावलेलंच नाहीये, पाऊस लागला की वाट लागणार', म्हणून तिथे तरी वाचलो.

बाहेर पडलो तर अरुंद गल्लीत तिसरा उभा, सोबत दुसरा पण. माणशी १०० दिऱ्हम, 'गाईड फी'. आवाज चढला, अजून दोघं गोळा झाले, चिलीचा पोरगा घाबरून पाकीट काढायला लागला. घासाघीस करून माणशी ६० वर सुटलो, म्हणजे २४० दिऱ्हम, आपले दोनेक हजार. परत येताना मदरसा दिसला, मस्त उघडा होता.

चौघं असल्यामुळे सुरक्षित वाटतं ना, तेच नडतं. नंतर बोलताना कळलं की चौघांनाही शंका आली होती, पण बाकीचे चाललेत म्हणून प्रत्येक जण गप्प. आता काही बंद आहे असं कोणी रस्त्यात सांगितलं की स्वतः दारापर्यंत जाऊन बघतो, आणि रस्ता विचारायचा तर दुकानात बसलेल्या माणसाला विचारतो, तो दुकान सोडून मागे येत नाही. अधिकृत गाईडकडे ओळखपत्र असतं, ते मागायला लाजू नका. माराकेशमध्ये टुरिस्ट पोलीस पण आहेत, आम्हाला गल्लीत ते आठवलंच नाही.

स्प्लिटवाइजवर (खर्च वाटून घ्यायचं ॲप) त्या २४० दिऱ्हमची एन्ट्री अजून 'पुदिना' नावाने आहे, चिलीवाल्याने त्याचे ६० अजून दिलेले नाहीत.