सेसना १७२ मधला चौथा हिस्सा: वर्षभर वापरल्यानंतर

न्यू जर्सीत राहून हौसेने विमान उडवणाऱ्या किंवा शिकणाऱ्या आपल्या मराठी मंडळींचा मला सारखा एकच प्रश्न असतो, विमान भाड्याने घेणं परवडतं की स्वतःचं असलेलं बरं. मी काही वर्षं फ्लाइट स्कूलचं सेसना १७२, म्हणजे चार सीटचं, एका इंजिनचं छोटं विमान, तासाच्या भाड्याने उडवलं आणि आता वर्षाच्या वर झालं, १९७० च्या दशकातल्या एका १७२ एम मध्ये माझा चौथा हिस्सा आहे. दोन्ही वापरून झालंय म्हणून सविस्तर लिहितेय. माझं मत आधीच सांगून टाकते: वर्षाला तीस तासांच्या खाली उडत असाल तर भाडंच बरं, त्याच्या वर गेलात तर हिस्सा घ्या, आणि एकट्याने अख्खं विमान घ्यायचं असेल तर खिशाच्या आधी कॅलेंडर बघा, कारण तेवढं उडायला नोकरीवाल्या माणसाकडे वेळच नसतो.

आता हा तीसचा आकडा कुठून आला ते. आमच्या भागात १७२ चं भाडं तासाला १८० डॉलरच्या आसपास आहे, त्यात इंधन आलं, म्हणजे वेट रेट. आमच्या विमानाचं म्हणाल तर ते उडो न उडो, वर्षाला साधारण ७,००० डॉलर लागतातच, म्हणजे टायडाउनची (उघड्यावर विमान बांधून ठेवायची) जागा महिना १५० ने, विमा १,८०० च्या आसपास, ॲन्युअल इन्स्पेक्शनला (वर्षाच्या सक्तीच्या तपासणीला) ३,००० धरून चालायचं आणि जीपीएसचा डेटाबेस वगैरे किरकोळ. चार वाटे केले की माणशी १,७५०. उडवताना तासाला ९० पडतात, कारण हे इंजिन तासाला आठेक गॅलन १०० एलएल (विमानाचं पेट्रोल) पितं, ते झाले ५०-५५, वर ऑइल, लहानसहान दुरुस्ती आणि तासाला २० डॉलर इंजिनच्या फंडात, म्हणजे पुढच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवण. म्हणजे भाड्यापेक्षा दर तासाला ९० वाचले. पण हिस्सा घेताना साडेबावीस हजार डॉलर गुंतलेत (विमान ९० हजारांचं), ते बँकेत असते तर चार टक्क्यांनी वर्षाला ९०० आले असते, तेही खर्चातच धरायला पाहिजेत आणि बहुतेक लोक नेमके तेच धरत नाहीत. १,७५० अधिक ९००, भागिले ९०, आले तीसच्या जवळ. हेच गणित एकट्याच्या नावावर मांडलं तर ७,००० अधिक ३,६००, भागिले ९०, म्हणजे जवळजवळ १२० तास. वर्षाला १२० म्हणजे दर आठवड्याला दोन तासांच्या वर, आणि त्यात इथला हिवाळा, खाली आलेले ढग, मुलांचे क्लास, ऑफिसचे रिलीज सगळं आलं. मला तरी ते कधी जमलं नसतं.

आणि हे गणित जुन्या विमानाचं आहे बरं का. नवीन १७२ आज चार लाख डॉलरच्या वर जातं. सेसनाने १९८६ मध्ये छोटी पिस्टनची विमानं बनवणंच थांबवलं होतं, कारण विमान कितीही जुनं झालं तरी अपघात झाला की दावा कंपनीवर यायचा आणि त्या दाव्यांचा नि विम्याचा खर्च किमतीत चढत गेला. १९९४ ला कायदा झाला, त्यात १८ वर्षांनंतर बनवणाऱ्याची जबाबदारी संपली, मग १९९६ ला उत्पादन परत सुरू झालं. त्यामुळे आपल्या बजेटमध्ये बसणारं विमान म्हणजे पन्नासेक वर्षांचंच. लोक हे ऐकून दचकतात, माझी आईसुद्धा दचकली होती, पण याचं वय वर्षांपेक्षा लॉगबुकात (उडालेले तास आणि दुरुस्त्यांच्या नोंदवहीत) मोजतात. दर बारा महिन्यांनी ॲन्युअल झाल्याशिवाय ते उडवताच येत नाही, आणि सीट ज्या रुळावर सरकते त्या रुळाची भोकंसुद्धा झिजून लांबट झाली का हे सेसनामध्ये एफएएच्या (अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याच्या) आदेशाने तपासावं लागतं, कारण टेकऑफला सीट मागे घसरली तर पायलट कंट्रोलसकट मागे ओढला जातो. घेताना मी लॉगबुकं पहिल्या पानापासून वाचली आणि विकणाऱ्याच्या नाही तर वेगळ्याच मेकॅनिककडून प्रीबाय, म्हणजे खरेदीआधीची तपासणी, करून घेतली. त्या पैशाला अजिबात हात आखडता घेऊ नका.

भाड्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. काही बिघडलं तर चावी परत करून घरी जायचं, ॲन्युअल कधी आहे ते आपल्याला माहीत असण्याचंही कारण नाही. पण मला ज्या गोष्टींचा वैताग आला त्या सांगते. एक तर हॉब्स मीटर, म्हणजे इंजिन चालू की तास चालू, धावपट्टीसाठी पुढे चार विमानं थांबलेली असली तरी पैसे चढतायत. आम्ही आपसात टॅक मीटरवर हिशेब करतो, तो इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो म्हणून जमिनीवर हळू पळतो. दुसरं म्हणजे मुक्काम. ब्लॉक आयलंडला (ऱ्होड आयलंडजवळच्या छोट्या बेटावर) एक रात्र राहायचं म्हटलं की दिवसाला किमान तीन तासांचं भाडं मागतात, मग विमान तिकडे नुसतं उभं का असेना. जायला-यायला तीन-सव्वातीन तास आणि बिल सहाचं, म्हणजे हजारच्या वर. आता तोच प्रवास तीनशेच्या आत होतो आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या दिवशी हवा बिघडली तर अजून एक रात्र थांबायला जीव कचरत नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने मला ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते, कारण मीटर चालू असला की माणूस ढगांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागतो.

तिसरं, वेळ. स्कूल उघडणार नऊला, आणि उन्हाळ्यात नऊनंतर हवा तापून हेलकावे सुरू होतात. आई-बाबा नाशिकहून आले होते तेव्हा त्यांना हडसन नदीवरून न्यूयॉर्क दाखवायचं होतं. भाड्याचं असतं तर शनिवारचा दोन तासांचा स्लॉट आधी धरा आणि मग आकाशाकडे डोळे लावून बसा. या वेळी मी आठवडाभर हवामान बघत राहिले आणि एका मंगळवारी सकाळी साडेसहाला निघालो, ऑफिसच्या आधी. हडसनवर १,३०० फुटांच्या खाली राहिलं तर कंट्रोलरची परवानगी लागत नाही, रेडिओवर १२३.०५ ला आपण कुठे आहोत ते आपणच बोलायचं, उत्तरेला जाताना मॅनहॅटनच्या अंगाने, परत येताना जर्सीच्या अंगाने, वेग १४० नॉट्सच्या आत. व्हेराझानो पूल, लिबर्टीचा पुतळा, मग जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज. पाणी संथ, हवा संथ, बाबा मागे बसून एकेक इमारत ओळखत होते आणि आई पूर्ण वेळ माझ्या हातांकडे बघत होती. असं भाड्याच्या विमानातही करता येतं, नाही असं नाही, पण माझ्या हवामानाने आणि माझ्या घड्याळाने करता आलं ते हिश्श्यामुळे.

आता दुसरी बाजू. गेल्या हिवाळ्याआधीच्या ॲन्युअलला एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन (भरलेल्या हवेचा दाब किती टिकतो ते) ८० पैकी ५० च्या जवळ आलं. मी तिथेच उभी होते. मेकॅनिकने सिलिंडरमध्ये हवा भरली आणि मला मागे एक्झॉस्ट पाइपजवळ कान लावायला सांगितला, तिथून स्पष्ट फुस्स आवाज येत होता. ऑइलच्या तोंडातून आवाज आला तर रिंगा गेल्या, कार्ब्युरेटरकडून आला तर इनटेक व्हॉल्व्ह, आणि एक्झॉस्टमधून म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. बोरस्कोप (बारीक कॅमेरा) आत घालून बघितलं तर व्हॉल्व्हचा रंग सगळीकडे सारखा नव्हता, एका कडेला हिरवट जळकी कोर दिसत होती. सिलिंडर, मजुरी सगळं धरून साडेतीन हजार. चार जणांत नऊशेच्या आत आले म्हणून निभावलं, एकटीच्या अंगावर आले असते तर त्या वर्षीचं उडणं तिथेच संपलं असतं. पैशापेक्षा जास्त त्रास वाट बघण्याचा झाला, शॉपला माणूस मिळेना, पार्ट येईना, आणि ऑक्टोबर म्हणजे इथलं सगळ्यात सुंदर उडायचं हवामान आम्ही जमिनीवरून बघितलं. म्हणून सांगते, हिस्सा घेतला तरी स्कूलमधला चेकआउट (त्यांचं विमान उडवायची परवानगी) चालू ठेवा, अशा वेळी तेच भाड्याचं विमान उपयोगी पडतं.

थंडीचा पण विचार करा. हँगरची वेटिंग लिस्ट लांबलचक आहे, त्यामुळे आमचं उघड्यावर बांधलेलं असतं, पंखांवरचं दव गोठलं की ते पूर्ण काढल्याशिवाय निघायचं नाही आणि पारा फार खाली गेला की इंजिन आधी गरम करून घ्यावं लागतं. अर्ध्या तासाच्या उड्डाणाला दोन तासांची तयारी होते. मला ती आवडते, सगळ्यांना आवडेलच असं नाही. तसंच मालक-पायलटला ऑइल बदलणं, स्पार्क प्लग, टायर, बॅटरी अशी कामं स्वतः करून लॉगबुकात सही करता येते. आमच्यातले एक काका रिटायर्ड मेकॅनिकल इंजिनियर आहेत, त्यांनी मला जुना ऑइल फिल्टर कापून आतला कागद उजेडात पसरून धातूचे कण बघायला आणि वरून चुंबक फिरवायला शिकवलं. इंजिनची तब्येत अशी हाताने बघितली की पाण्यावरून उडताना मनाला खूप बरं वाटतं.

पार्टनरबद्दल मी सगळ्यात जास्त आग्रहाने सांगेन. विमान बरं-वाईट चालून जातं, माणसं चुकीची निघाली तर दोन्हीकडून नुकसान. चौघांत बुकिंगची भांडणं होतील असं वाटलं होतं, होत नाहीत, काका आठवड्यात उडतात, आम्ही बाकीचे शनिवार-रविवार, आणि तरी विमान बरेचदा रिकामंच उभं असतं. भांडणं होतात ती खर्चाच्या मतावर, एकाला नवीन ॲव्हिऑनिक्स (कॉकपिटमधली इलेक्ट्रॉनिक उपकरणं) हवं असतं आणि दुसऱ्याला आहे तेच चालतं. म्हणून किती डॉलरच्या वर सगळ्यांची संमती लागेल, कोणी पैसे थकवले तर काय, आणि बाहेर पडताना हिश्श्याची किंमत कशी काढायची हे आधी लिहून घ्या, मित्र असले तरी. पार्टनरचे तास किती आहेत हेही विचारा, नवखा पायलट आला की विम्याचा हप्ता सगळ्यांचाच वाढतो.

मित्र सोबत आले की खर्च वाटून घेण्याबद्दलही विचारतात. प्रायव्हेट लायसनवर पायलटने स्वतःचा समान वाटा भरलाच पाहिजे, आणि वाटता येतं ते फक्त इंधन, ऑइल, विमानतळाचा खर्च आणि विमानाचं भाडं. म्हणजे भाड्याच्या विमानात तासाचे पूर्ण १८० वाटता येतात, पण स्वतःच्या विमानात विमा, ॲन्युअल, महिन्याचं टायडाउन यातलं काही सोबतच्यांवर टाकता येत नाही. नेहमी चौघांनी मिळून फिरणाऱ्यांना त्यामुळे भाडंच स्वस्त पडू शकतं.

एच१बी वाल्यांसाठी: एफएएकडे विमान स्वतःच्या नावावर करायला नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं, त्यामुळे अशी भागीदारी सरळ मार्गाने होत नाही, आणि विमानासाठी एलएलसी (छोटी कंपनी) केली तर नागरिकत्वाच्या अटी अजून कडक. भाड्याने उडवायला ही अडचण नाही. शिकायला मात्र नागरिक नसलेल्या सगळ्यांना, ग्रीन कार्ड असलं तरी, सुरुवातीला टीएसएची (प्रवास सुरक्षेच्या सरकारी खात्याची) मंजुरी घ्यावी लागते.

आमच्या इंजिनचे आता १,७०० तास झालेत, लायकमिंगचा (इंजिन बनवणाऱ्या कंपनीचा) सल्ला २,००० ला ओव्हरहॉल, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून नव्यासारखं करण्याचा आहे. खाजगी वापराला तो बंधनकारक नाही, कॉम्प्रेशन आणि ऑइल चांगलं असेल तर पुढेही चालवतात. ओव्हरहॉलला ३५ ते ४० हजार लागतील आणि फंडात तेवढे नाहीत, कारण आधीच्या मालकांनी साठवलेलं आमच्याकडे आलं नाही, फक्त त्या मानाने विमान स्वस्त मिळालं. दोघांचं म्हणणं आहे की चालतंय तोवर चालवू. मी आणि काका ओव्हरहॉलच्या बाजूने आहोत, आणि माझ्या वाट्याचे पैसे मी दर महिन्याला वेगळे काढायला लागलेय.