साठीनंतरचे कान आणि एचएफ सेट: १४ महिन्यांचा अनुभव

१९८४ साली हॅम रेडिओच्या (हौशी बिनतारी संदेशवहनाच्या) लायसन्ससाठी ग्रेड टूची परीक्षा दिली तेव्हा मिनिटाला ५ शब्दांच्या वेगाने मोर्स, म्हणजे टिंब-रेघांची संकेतलिपी, ऐकून उतरवून घ्यावं लागायचं. पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेल्या ८०७ व्हॉल्व्हवर स्वतः बांधलेला ट्रान्समीटर आणि एकच बँड (लहरींचा पट्टा), ४० मीटर. मग नोकरी, बदल्या, मुलींची शिक्षणं. २६ वर्षं कीला, म्हणजे मोर्स पाठवायच्या खटक्याला, हात लागला नाही. निवृत्तीनंतर लायसन्सची कागदपत्रं मार्गी लावली आणि १०० वॅटचा जपानी एचएफ सेट (लघुलहरींवर पाठवायचा-ऐकायचा रेडिओ) घेतला. घेण्याआधी वॅट, फिल्टर, स्क्रीन यांबद्दल भरपूर ऐकायला मिळालं. आपल्या वयाच्या कानांबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता, म्हणून हे लिहितोय.

सुरुवात मी फोनवर, म्हणजे बोलूनच केली. आवाज येत होता, शब्द लागत नव्हते. समोरचा नाव सांगायचा आणि मी तीन-तीनदा विचारायचो. तपासणीत कळलं की वरच्या पट्टीचं मला कमी ऐकू येतं. 'स', 'फ', 'श' ही व्यंजनं नेमकी तिथेच असतात, आणि एसएसबीत (आवाज पाठवायच्या पद्धतीत) पावणेतीन किलोहर्ट्झच्या पुढचं मुळातच कापलेलं असतं. त्यामुळे 'सिएरा', 'फॉक्सट्रॉट' असं सुटं करून सांगितल्याशिवाय माझं काम होत नाही.

मोर्सचं तसं नाही. एकच सूर, तोही खालच्या पट्टीतला. सेटमध्ये सीडब्ल्यू पिच, म्हणजे मोर्सच्या सुराची पट्टी, बदलता येतो. मी ६०० वरून ५०० हर्ट्झवर आणला, आजूबाजूचे सिग्नल गाळणारा फिल्टर २५० हर्ट्झवर ठेवला आणि साधे, कान पूर्ण झाकणारे हेडफोन लावले. सूर असा स्वच्छ आला की डोळ्यांत पाणी आलं. त्याच दुपारी १५ मीटरच्या बँडवर सीक्यू ('कुणी आहे का?' अशी हाक) दिला. जपानचं स्टेशन आलं. हात थरथरत होता, त्याचं नाव दोनदा चुकलं. त्याने एक अक्षर न बोलता आपला वेग माझ्या वेगावर उतरवला आणि नाव पुन्हा, मोकळं-मोकळं पाठवलं. हा रिवाज अजून टिकून आहे याचं मला फार अप्रूप वाटतं.

अँटेना घरच्या वायरिंगच्या तारेची, ४० मीटर बँडसाठीची डायपोल (मध्यावर जोड असलेली दोन बाजूंची तार). सरळ ताणायला २० मीटर लागतात, आमच्या गच्चीवर तेवढी जागा नाही. टाकीवर बांबू बांधून मध्य उंच केला, टोकं खाली उतरवली. हीच तार तिप्पट फ्रिक्वेन्सीवर, म्हणजे १५ मीटरवरही चालते. एसडब्ल्यूआर (सेट आणि अँटेना किती जुळत नाहीत त्याचं माप) थोडा चढतो, तो सेटमधला ट्यूनर सांभाळून घेतो. गच्चीची परवानगी मिळायला सेट घेण्यापेक्षा जास्त दिवस लागले, हे आधीच लक्षात घ्या.

१९८४ मध्ये नव्हता तो त्रास म्हणजे घरातल्या विजेच्या उपकरणांचा रेडिओवर येणारा गोंगाट. ४० मीटरवर सिग्नलची ताकद दाखवणारा मीटर कायम एस-७ वर. वॉटरफॉलवर (स्क्रीनवर सिग्नल दाखवणाऱ्या चित्रावर) सारख्या अंतरावर उभ्या रेघा दिसायच्या. एका रात्री सेट बॅटरीवर लावला आणि घरातली एकेक एमसीबी पाडत गेलो. हॉलची पाडली आणि रेघा नाहीशा झाल्या. शोधता शोधता देवघरातल्या एलईडी माळेच्या अडॅप्टरपाशी पोचलो. ही म्हणाली, "माळ राहू दे, तो डबा बदला." बदलला. मीटर एस-३ वर आला. त्या रात्री जे ऐकू यायला लागलं ते दुप्पट किमतीच्या सेटनेही ऐकवलं नसतं. सेट निवडण्यात महिने घालवण्यापेक्षा हे काम आधी करा.

एफटी-८ ही संगणकावरून संदेश पाठवायची पद्धत नातवाने लावून दिली. १५ सेकंदांच्या फेऱ्या, कानाला ऐकूही न येणारे सिग्नल संगणक उकलतो. थक्क व्हायला होतं. पण माझा जीव कीमध्येच रमतो.

स्क्रीनवरची अक्षरं बारीक आहेत, चष्मा हवाच. वळवाच्या दिवसांत गडगडाट सुरू व्हायच्या आत कोॲक्स (अँटेनाची केबल) सेटपासून काढून ठेवतो.

माझे एक जुने हॅममित्र, वय ७९, ऐकू येत नाही म्हणून सकाळचं नेट (ठरल्या वेळी हॅम मंडळींची रेडिओवरची बैठक) सोडून बसले होते. त्यांच्या घरी जाऊन पिच ४५० वर लावून दिला आणि कपाटातली की पुसून टेबलावर ठेवली. गेल्या रविवारी सकाळी सातला त्यांनी मला रेडिओवर मोर्सने हाक दिली. मिनिटाला जेमतेम ८ शब्द, पण एकही अक्षर चुकलं नाही.