सोयाबीनचा अख्खा हंगाम अ‍ॅक्सिलरेटरमध्ये काढल्यानंतर

आमचं उत्पादन म्हणजे सोयाबीनचं मॉइश्चर (ओलावा) मोजणारं, हातात मावणारं यंत्र. ते घेऊन छत्रपती संभाजीनगरच्या एका अ‍ॅक्सिलरेटरमध्ये (नव्या कंपन्यांना काही महिने मार्गदर्शन देणारा कार्यक्रम) जूनला दाखल झालो. पुढं तक्रारीही आहेत, म्हणून संस्थेचं नाव देत नाही.

खरा फायदा झाला तो एका मेंटॉरचा. वाळूजच्या कारखान्यांत मोजमापाच्या उपकरणांवर हयात घालवलेले सर. दुसऱ्या स्लाइडलाच म्हणाले, "ते राहू द्या, यंत्र आणलंय का?" दाणे बंद डब्यात घालून आधी सावलीत मोजले, मग तोच डबा आणि यंत्र उन्हात तापवून पुन्हा मोजलं. ११.६ चा आकडा १२.७ वर! हमीभावाच्या खरेदीत १२ टक्क्यांची मर्यादा असते (२०२४ च्या हंगामात केंद्रानं ती १५ पर्यंत सैल केली होती, ते सोडा). म्हणजे तोच माल सावलीत पास, उन्हात नापास. मग तापमानाचा सेन्सर बसवला आणि ओव्हनमध्ये नमुने वाळवून, वजन करून आमचे आकडे ताडत बसलो.

सरांनीच लातूरच्या एका आडत्याला फोन लावून दिला. त्यांनी यंत्र उलटंपालटं करून पाहिलं, दाताखाली दाणा फोडला आणि आकडा न बघताच बरोबर सांगितला. वर म्हणाले, "मालक, वर्षात पंधरा दिवस लागणाऱ्या वस्तूला शेतकरी पैसे मोडत नसतो. गोदामवाल्यांना दाखवा." आज आमची बहुतेक विक्री गोदामं आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांनाच आहे.

बाकीची सत्रं यथातथाच. झूमवरून येणारे पाहुणे मेंटॉर 'आधी अ‍ॅप काढा' यापलीकडं जात नव्हते. तीन महिन्यांचं वेळापत्रक सॉफ्टवेअरवाल्यांना पुरत असेल. आमची काढणी दसरा-दिवाळीच्या सुमारास, त्याआधी ताजा माल आणायचा कुठून? सांगून सांगून मुदत वाढवून घेतली. डेमो डेला, म्हणजे शेवटी गुंतवणूकदारांना उत्पादन दाखवायच्या दिवशी, गुंतवणूकदार मोजके, शाल-श्रीफळ भरपूर.

पैशाचं म्हणाल तर स्टार्टअप इंडिया सीड फंड ही केंद्राची २०२१ ची योजना इन्क्युबेटरमार्फतच (नव्या कंपन्यांना आधार देणाऱ्या संस्थांमार्फत) चालते. नमुना यंत्र, चाचण्या यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान, तेही टप्प्याटप्प्यानं. डीपीआयआयटीची (केंद्राच्या उद्योग संवर्धन विभागाची) मान्यता लागते आणि अर्ज करताना कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. त्यामुळं आपला इन्क्युबेटर या योजनेत निवडलेला आहे का, हे प्रवेश घेण्याआधीच विचारा. कंपनीतला हिस्सा किती मागतात तेही बघा. अमेरिकेतलं वाय कॉम्बिनेटर हे अ‍ॅक्सिलरेटर ७ टक्के घेतं, पण त्यासाठी सव्वा लाख डॉलर मोजतं. नुसत्या टेबल-खुर्चीवर कुणी हिस्सा मागत असेल तर करार आधी सीएला दाखवा.

सरांना पाचपैकी पाच, कार्यक्रमाला तीन. मुदत संपली तरी सर फोन उचलतात. सध्या हरभऱ्यासाठी यंत्राचं कॅलिब्रेशन (आकडे अचूक जुळवणं) चालू आहे.