आघाडी कोणती बरी? मराठवाड्याच्या मतदारानं काय बघावं

पुतण्या पुढच्या लोकसभेला पहिल्यांदा मत देणार आहे. परभणीत शिकतो, सुट्टीत सोयाबीनच्या राशीला गावी येतो. परवा राशीवरच त्यानं विचारलं, "काका, कुणालाच बहुमत नाही आलं तर आपल्या मताचं काय? आपण मत एकाला द्यायचं आन् त्यानं निकालानंतर दुसऱ्याच्या मांडीवर जाऊन बसायचं." मळणीयंत्राच्या घरघरीत धड उत्तर देता आलं नाही. प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

एका पक्षाला २७२ जागा मिळाल्या नाहीत, तर सरकार तीन तऱ्हांनी बनू शकतं. पक्ष निवडणुकीआधीच युती करून लढतात. किंवा निकालानंतर एकत्र येऊन सगळेच मंत्रिमंडळात बसतात. किंवा काही जण आत बसतात आणि काही बाहेरून पाठिंबा देतात.

आधीच्या युतीत मतदाराला निदान माहीत असतं, की धनुष्यबाण दाबला काय, कमळ दाबलं काय, मत कुठं जाणार. केंद्र-राज्य संबंधांवरच्या सरकारिया आयोगानं १९८८ मध्ये, सरकार बनवायला आधी कुणाला बोलवावं याचा राज्यपालांसाठी जो पसंतीक्रम सुचवला, त्यातही निवडणूकपूर्व युती पहिली आहे. वाजपेयींचं १९९९ चं सरकार अशाच युतीचं होतं आणि ते जवळपास पूर्ण मुदत चाललं. पण पूर्वयुती म्हणजे पक्की गाठ असं मी पुतण्याला सांगू शकत नाही, कारण २०१९ ची विधानसभा त्यानंही पाहिली आहे. भाजप-शिवसेना एकत्र लढले, बहुमत मिळालं आणि मुख्यमंत्रिपदावरून फाटलं. कोणी काय शब्द दिला होता, याचा लोकांसमोर ठेवलेला कागदच नव्हता.

त्यातूनच निकालानंतरची महाविकास आघाडी आली आणि अडीच वर्षांत पडली. या दुसऱ्या तऱ्हेत निदान सगळे भागीदार जबाबदारीत असतात. चांगल्या-वाईटाचा जाब प्रत्येकाला विचारता येतो. मात्र खातेवाटपाची ओढाताण मोठी होते. २००३ च्या घटनादुरुस्तीनं मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या १५ टक्क्यांवर आणली, म्हणजे केंद्रात फार तर ८१. त्यामुळे मंत्रिपदांची खिरापत वाटून सगळ्यांना खूश ठेवणं आता अवघड आहे.

बाहेरच्या पाठिंब्याचा इतिहास सगळ्यांत वाईट, आणि तरीही सगळ्यांत शिकण्यासारखा. चंद्रशेखर नोव्हेंबर १९९० मध्ये काँग्रेसच्या पाठिंब्यावर पंतप्रधान झाले. राजीव गांधींच्या घराजवळ हरियाणा पोलिसांचे दोन शिपाई पाळत ठेवताना सापडले, त्यावरून बिनसलं आणि मार्च १९९१ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. पुढे देवेगौडा आणि गुजराल यांनाही काँग्रेसनं असंच वर बसवलं आणि खाली ओढलं. तेव्हाच्या भांडणांत शेतमालाचा भाव नव्हता, पाणी नव्हतं, रोजगारही नव्हता.

आता २००४ बघा. काँग्रेसच्या मनमोहन सिंग सरकारला डाव्या पक्षांचे साठेक खासदार बाहेरूनच पाठिंबा देत होते. फरक एवढाच, की किमान समान कार्यक्रम लिहून जाहीर केला होता आणि तो राबवण्यासाठी समन्वय समिती होती. त्या कार्यक्रमातलं ग्रामीण रोजगार हमीचं वचन २००५ मध्ये कायदा झालं. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आईबापांनी ज्या रोहयोवर खडी फोडली, तिची कल्पना देशभर गेली. माहिती अधिकारही त्याच वर्षीचा. डाव्यांनी २००८ मध्ये अमेरिकेसोबतच्या अणुकरारावरून पाठिंबा काढला तरी ते कायदे राहिले. म्हणून पाठिंबा आतून की बाहेरून, याआधी मी लेखी काय ठरलंय ते बघतो.

आणि त्या कागदात आपलं काय, तेही. त्याच सरकारनं २००८ मध्ये कर्जमाफी केली, पण पूर्ण माफीला पाच एकरांची अट होती. कोरडवाहू दहा एकरवाल्याचं उत्पन्न बागायती तीन एकरवाल्याहून कमी असू शकतं, हे आपल्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. अट ठरवताना हे दिल्लीत ठासून सांगायला आपला जोर कमी पडला, याची मला आजही चुटपुट आहे.

जोर येतो कुठून? २०२४ मध्ये भाजपला २४० जागा मिळाल्या, म्हणजे ३२ कमी. आंध्रच्या तेलुगू देसमचे १६ आणि बिहारच्या नितीशकुमारांच्या जदयूचे १२ खासदार एकदम मोलाचे झाले. जुलैच्या अर्थसंकल्पात आंध्रच्या राजधानीसाठी, म्हणजे तिकडच्या अमरावतीसाठी, १५,००० कोटींची आणि बिहारच्या रस्त्यांसाठी २६,००० कोटींची तरतूद दिसली. मराठवाड्याचे आपले आठ खासदार तेव्हा चार पक्षांत विभागलेले: काँग्रेसचे तीन, ठाकरेंच्या सेनेचे तीन, शरद पवारांच्या पक्षाचा एक, शिंदेंच्या सेनेचा एक. सात विरोधी बाकांवर. बरं, २०१९ च्या निकालात आठपैकी सात सत्ताधारी युतीचे होते, पण भाजपचेच ३०३ असल्यानं त्यांच्यावाचून काही अडत नव्हतं. नगर-बीड-परळी रेल्वे १९९५ मध्ये मंजूर झाली. मधे सगळ्या रंगांची सरकारं आली-गेली आणि बीडला गाडी पोचली सप्टेंबर २०२५ मध्ये.

मला निवडायला सांगाल तर मी आधीची युती निवडेन, तीही लेखी कार्यक्रम मतदानाआधी छापणारी, आणि जिच्यात एकाच पक्षाचं एकहाती चालत नाही अशी. ती नसेल तर निकालानंतरची, सगळे आत बसणारी. बाहेरचा पाठिंबा शेवटी, आणि तोही कार्यक्रम व समन्वय समिती जाहीर झाली असेल तरच.

पुतण्याला मी दोन प्रश्न लिहून दिलेत. उमेदवार पारावर आला की विचारायचे: तुमच्या आघाडीच्या कागदावर सोयाबीनच्या हमीभावानं खरेदीचं काय लिहिलंय? आणि मराठवाड्यासाठी बाकीच्या सात खासदारांसोबत, पक्ष कोणताही असो, तुम्ही एकत्र बसणार का?